विश्लेषण : शिबिरातले ध्यान घरी आल्यावर का टिकत नाही?

इगतपुरीच्या धम्मगिरीतील विपश्यना शिबिर दहा दिवसांचे असते. पहाटे चारला घंटा होते. फोन सुरुवातीलाच जमा करावा लागतो. शेजारच्या साधकाशी बोलणे तर सोडाच, खाणाखुणाही करायच्या नसतात. दिवसाकाठी सुमारे दहा तास ध्यान. अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपते, फोन परत मिळतो आणि खरी परीक्षा सुरू होते. घरी घंटा वाजवणारे कोणी नसते, स्वयंपाक आयता मिळत नाही आणि मौन कोणी पाळू देत नाही.

अनेकांचा सराव काही आठवड्यांत सुटतो. मग ‘आपल्याला हे जमणारे नाही’ असा शिक्का माणूस स्वतःवरच मारून घेतो. ही गत केवळ शिबिरार्थींची नाही. १ जानेवारीला ध्यानाचे ॲप घेणाऱ्यांची आणि २१ जूनला योगाची चटई विकत आणणाऱ्यांचीही तीच. ध्यान रोजच्या धावपळीत बसते का, बसवायचे तर कसे, आणि त्याकडून नेमकी किती अपेक्षा ठेवायची, याचा हा आढावा.

ध्यान म्हणजे मन रिकामे करणे का?

ही सर्वांत मोठी गैरसमजूत आहे आणि बहुतेकांचा सराव इथेच मोडतो. डोळे मिटून बसल्यावर दुसऱ्याच मिनिटाला विजेचे बिल आठवते, मग कार्यालयातला वाद आठवतो, आणि ‘माझे मन फारच चंचल आहे’ म्हणत माणूस उठून जातो.

प्रत्यक्षात ध्यानाच्या बहुतेक पद्धतींमध्ये चार टप्प्यांचे एक चक्र चालते. लक्ष श्वासासारख्या एका गोष्टीवर ठेवायचे. ते भटकते. भटकले हे ध्यानात येते. मग कुरकुर न करता ते परत आणायचे. यातला तिसरा आणि चौथा टप्पा हाच व्यायाम आहे. व्यायामशाळेत वजन एकदाच उचलून धरून ठेवत नाहीत. ते पुन्हा पुन्हा खाली-वर करतात, तेव्हा स्नायू घडतो. दहा मिनिटांत मन तीस वेळा भटकले आणि तीसही वेळा परत आणले, तर ती बैठक वाया गेली नाही. तीस वेळा व्यायाम झाला.

मन इतके का भटकते?

हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी यासाठी चक्क आयफोनचीच मदत घेतली. दिवसभरात अधूनमधून फोन वाजायचा आणि विचारायचा : आत्ता काय करताय, मन त्याच कामात आहे का, आणि कसे वाटते आहे? २,२५० प्रौढांच्या नोंदींवर आधारित हा अभ्यास २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जवळपास ४७ टक्के वेळा लोकांचे मन हातातल्या कामाऐवजी दुसरीकडेच होते. भटकलेल्या मनाचे लोक कमी आनंदी असल्याचेही त्यात दिसले.

याचा अर्थ भटकणे हा आजार नाही. हातात काम नसले की मेंदूतील काही भागांचे एक जाळे आपोआप सक्रिय होते. मागचे उगाळणे, पुढचे बेत आखणे, ‘लोक काय म्हणतील’ याचा हिशेब मांडणे, हे काम तिथे चालते. फोनमध्ये मागे चालू राहिलेल्या ॲपसारखी ही गोष्ट आहे. ॲप असण्यात गैर काही नाही. ते चालू आहे हे माहीतच नसेल तर मात्र बॅटरी कशाने संपली ते कळत नाही.

योग म्हणजे आसनेच ना?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून मान्य केला. तेव्हापासून ‘योग’ म्हटले की मैदानात ओळीने अंथरलेल्या चटया डोळ्यांसमोर येतात. पतंजलींच्या योगसूत्रांत मात्र आसनांचे थेट विवेचन जेमतेम तीन सूत्रांत उरकले आहे. पाठभेदांनुसार एकूण सूत्रे १९५ किंवा १९६ आहेत.

योगाची आठ अंगे सांगितली आहेत : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. क्रम पाहण्यासारखा आहे. अहिंसा, सत्य, चोरी न करणे, साठवण्याचा हव्यास न धरणे, समाधान या यम-नियमांतल्या गोष्टी चटईवर करताच येत नाहीत. त्या घरात, बाजारात, कार्यालयातच कराव्या लागतात. म्हणजे डोळे मिटून बसण्याच्या कितीतरी आधी रोजचे वागणे येते.

पाचवे अंग प्रत्याहार. इंद्रियांना त्यांच्या विषयांमागे धावू न देणे, हा त्याचा ढोबळ अर्थ. फोन असलेल्या माणसाला याहून कालसुसंगत अंग दुसरे नसेल. स्क्रीन उजळली की मान आपोआप वळते. ती वळण्याआधीचा क्षण पकडता येणे, हा आजचा प्रत्याहार.

हे संन्याशांसाठी आहे की संसारी माणसांसाठी?

विपश्यनेचाच अलीकडचा इतिहास पाहिला तर उत्तर सोपे होते. सत्यनारायण गोएंका (१९२४-२०१३) हे म्यानमारमधील, म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मदेशातील, व्यापारी होते. तीव्र अर्धशिशीने ते त्रस्त होते. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकले. हे ऊ बा खिन भिक्षू नव्हते. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. सरकारी हिशेब तपासायचे आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांना ध्यानही शिकवायचे, अशी त्यांची दिनचर्या होती. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये धम्मगिरी उभी राहिली. नोकरी आणि धंदा सांभाळणाऱ्या दोन गृहस्थांनी हे काम पुढे नेले.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. वारकरी परंपरेने नामस्मरणासाठी काम सोडायला सांगितले नाही. अरणचे सावता महाराज मळा राखत होते, जनाबाई दळण-कांडण करत होत्या. हातांना काम आणि मनाला एक धागा, ही त्यामागची रीत. बौद्ध ग्रंथांतही चालताना, उभे असताना, बसताना, खाता-पिताना भान राखण्याचा उपदेश आहे.

मग सराव सुटतो का?

योगसूत्रांनी याची नऊ कारणे देऊन ठेवली आहेत. त्यांना ‘अंतराय’ म्हणजे अडथळे म्हटले आहे : आजारपण, मनाचा जडपणा, संशय, निष्काळजीपणा, आळस, विषयांची ओढ, चुकीच्या समजुती, पुढची पायरी न गाठता येणे आणि गाठलेल्या पायरीवर न टिकणे. शेवटच्याला ‘अनवस्थितत्व’ असा शब्द आहे. शिबिरातून परतलेल्यांची नेमकी तीच तक्रार असते. ‘तिथे जमत होते, इथे जमत नाही’ ही अडचण इतकी जुनी आहे की तिला शास्त्रात स्वतंत्र नाव आहे. त्यामुळे ती आली तर त्यात वैयक्तिक अपयश मानण्याचे कारण नाही.

व्यवहारात दोन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे परिस्थिती. शिबिरात शांतता, जेवण, वेळापत्रक हे सारे बाहेरून मिळते. त्या आधाराचे श्रेय साधक नकळत स्वतःच्या निश्चयाला देतो. घरी आधार काढला गेला की निश्चय एकटा पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे सगळे किंवा काहीच नाही ही वृत्ती. विपश्यनेत सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसण्याचा सल्ला देतात. विरारहून चर्चगेट गाठणाऱ्याला किंवा तान्हे मूल असलेल्या आईला तो रोज पाळता येतोच असे नाही. तास जमत नाही म्हणून दहा मिनिटेही सोडून दिली जातात. त्याच शिबिरांत झोपण्याआधी आणि जाग आल्यावर अंथरुणातच पाच-पाच मिनिटे सजग राहण्याचाही सल्ला असतो. तो मात्र बहुतेक जण विसरतात.

सवय लागायला किती दिवस लागतात?

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य समाजमाध्यमांवर रोज फिरते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात वेगळेच दिसले. एखादी साधी कृती अंगवळणी पडण्यासाठीचा मध्यक ६६ दिवसांचा होता आणि व्यक्तीनुसार तो १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. यातली दिलासा देणारी बाब अशी, की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही.

सहभागी लोकांनी नवी कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधली होती, उदाहरणार्थ ‘न्याहारीनंतर’. ‘वेळ मिळेल तेव्हा ध्यान करीन’ हा बेत म्हणूनच फसतो. ‘सकाळचा चहा गॅसवर चढवला की तो उकळेपर्यंत श्वास पाहीन’ हा बेत टिकण्याची शक्यता जास्त.

रोजच्या कामांत हे बसवायचे कसे?

त्यासाठी वेगळी खोली, उदबत्ती किंवा महागडे ॲप लागत नाही. पुढील गोष्टींपैकी एक निवडून महिनाभर तेवढीच करावी.

● जाग आल्यावर : फोन हातात घेण्याआधी दहा श्वास. श्वास खोल घेण्याची गरज नाही. जसा चालू आहे तसा मोजायचा. मध्येच आकडा चुकला तर पुन्हा एकपासून.

● स्वयंपाकघरात : दूध तापत ठेवून समोर उभे राहिले तरी ते उतू जाते, कारण माणूस तिथे असून नसतो. दूध वर येईपर्यंत फक्त दुधाकडे पाहणे हा उत्तम सराव आहे. तो जमला की नाही, हे लगेच शेगडीवर दिसते.

● लोकलमध्ये : उभे असताना तळव्यांवर पडणारा भार, कडी धरलेल्या हाताचा ताण, गाडीच्या वळणाबरोबर शरीराचे तोल सावरणे याकडे एका स्थानकापासून पुढच्या स्थानकापर्यंत लक्ष द्यावे. चौथ्या सीटवर टेकायला मिळाले तरी हेच करता येते. डोळे मिटण्याची गरज नाही.

● सिग्नलवर : लाल दिव्याचे आकडे उलटे मोजत असताना जबडा आणि खांदे आवळलेले आहेत का, ते पाहून सैल सोडावेत. डोळे रस्त्यावरच हवेत. वाहन चालवताना ध्यानाचे ध्वनिमुद्रण ऐकू नये. गाडी चालवताना गाडी चालवणे हीच सजगता.

● जेवताना : पहिले पाच घास फोन आणि टीव्हीशिवाय. चव, ऊन-गार, चावणे, गिळणे एवढेच. अमेरिकेतील जॉन कबाट-झिन यांच्या प्रसिद्ध अभ्यासक्रमात सुरुवातीला एकच बेदाणा असाच सावकाश खायला लावतात.

● राग आल्यावर : रागाची चाहूल विचारांआधी बरेचदा शरीरात लागते. कान तापतात, छाती भरून येते, श्वास वरच्यावर होतो. कार्यालयाच्या गटावरील संदेशाला उत्तर टाइप करण्याआधी ही खूण शोधून एक लांब उच्छ्वास सोडावा. उत्तर तरीही कडक द्यावेसे वाटले तर द्यावे. निदान ते शुद्धीत दिलेले असेल.

● प्रत्याहाराचा तास : दिवसातला एक तास नोटिफिकेशन बंद. फोन खिशात न ठेवता दुसऱ्या खोलीत.

याच्या जोडीला रोज दहा मिनिटांची एक बैठक असावी. बसण्यात कौशल्य शिकता येते आणि दिवसभरात ते वापरता येते. नुसत्या बैठकीने दिवस बदलत नाही आणि बैठकीशिवाय ऐन रागाच्या वेळी भान आठवत नाही.

सगळ्या पद्धतींत श्वासच का?

श्वास आपोआप चालतो आणि हवा तेव्हा ताब्यातही घेता येतो. हृदय किंवा पचन यांच्याबाबत तशी सोय नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. उच्छ्वास लांबवला की शरीराला विश्रांतीकडे नेणारी चेतासंस्था पुढे सरसावते. निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या २३ जणांवरील छोट्या अभ्यासात, ख्रिस्ती जपमाळ आणि योगातील मंत्र अशा दोन्हींच्या पठणाने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येत असल्याचे दिसले.

योगक्रियांचे असे मोजमाप करण्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली, हे विशेष. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून प्रयोगांचे निष्कर्ष छापायला घेतले.

वैद्यकीय पुरावे काय सांगतात?

पुरावे आशादायक आहेत, पण जाहिरातींइतके चमकदार नाहीत. कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात आठ आठवड्यांचा सजगता अभ्यासक्रम सुरू केला. त्यानंतर या विषयावर हजारो शोधनिबंध आले. ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मधील २०१४ च्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ३,५१५ व्यक्तींचा समावेश होता. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने माफक सुधारणा होते, असा मध्यम प्रतीचा पुरावा त्यात मिळाला. व्यायाम, औषधे किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही.

अमेरिकेत चिंताविकाराच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांचा सजगता अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्रॅम या औषधाच्या तोडीस उतरला. पण तिथे प्रशिक्षित शिक्षक, आठवड्याचा वर्ग आणि रोज पाऊण तासाचा घरचा सराव होता. याउलट, ब्रिटनमधील ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीत सजगतेचे धडे शाळेच्या नेहमीच्या उपक्रमांपेक्षा प्रभावी ठरले नाहीत. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. शिकवल्याने नव्हे, केल्याने फरक पडतो, असा त्याचा एक अर्थ निघतो.

कोणी सावध राहावे?

दीर्घ, मौनातली शिबिरे सर्वांना मानवतात असे नाही. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये साधकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना भीती, झोप उडणे, जुन्या आघातांच्या आठवणी उसळणे, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे असे त्रास झाल्याचे त्यात नोंदवले आहे. तीव्र मानसिक आजार किंवा मोठा आघात अनुभवलेल्यांनी दीर्घ शिबिराआधी डॉक्टरांशी बोलावे आणि शिबिराच्या अर्जात ती माहिती लपवू नये. गर्भवती, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी कपालभातीसारख्या जोरकस क्रिया स्वतःच्या मनाने करू नयेत.

मनोविकाराची औषधे ध्यान जमू लागले म्हणून परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. मन फार खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ती वेळ एकट्याने डोळे मिटून बसण्याची नाही. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे.

कार्यालयातला ध्यानवर्ग पुरेसा आहे का?

बारा तासांची पाळी, सुटीच्या दिवशी येणारे फोन आणि दर बुधवारी अर्ध्या तासाचा ‘वेलनेस’ वर्ग, हे समीकरण आता अनेक कंपन्यांत दिसते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. सजगता वर्ग, ॲप, ताण-व्यवस्थापन यांसारख्या वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या स्वास्थ्यात म्हणावा असा फरक त्यांना आढळला नाही. कामाचा बोजा, वेळापत्रक आणि वरिष्ठांची वागणूक यांना ध्यान हा पर्याय ठरत नाही. उलट, भान वाढलेल्या माणसाला आपण किती थकलो आहोत हे आधी कळते. रजा मागणे किंवा ‘आज जमणार नाही’ असे म्हणणे हाही मग सजगतेचाच भाग ठरतो.

प्रगती ओळखायची कशी?

ॲप सलग दिवसांचा आकडा दाखवते, पण त्यावरून फारसे कळत नाही. बसल्यावर प्रकाश दिसला का, अंगावर शहारे आले का, हेही निकष नव्हेत. पाहायचे ते एवढेच : चिडल्याचे आधी दुसऱ्या दिवशी कळायचे, ते आता तासाभरात कळते का? बोलून गेल्यावर कळायचे, ते आता बोलता बोलता कळते का? हे अंतर घटत असेल तर सराव योग्य मार्गावर आहे. त्याचा दाखला बहुधा स्वतःआधी घरातले लोक देतात.

आणि सराव सुटलाच तर? श्वास मोजताना आकडा चुकला की जे करायचे तेच. कितवा दिवस होता याचा हिशेब न करता पुन्हा एकपासून.